परतीची धाव: मिशिगन स्टेटची बर्फावरची हॉकी

(दृश्य: मन आइस अरिना, ईस्ट लॅन्सिंग. सामना रंगात आलेला. कॅमेरा पकवर, म्हणजे खेळातल्या चकतीवर, नाही, पक हातून सुटलेल्या खेळाडूवर.)

पक कुठे आहे ते थोडा वेळ विसरा. हिरव्या पोशाखातला हा मुलगा बघा. आत्ताच प्रतिस्पर्ध्यांच्या गोलपाशी त्याच्या स्टिकवरून पक सुटला. मुलाने पंचांकडे पाहिलं नाही, हात वर केले नाहीत, स्टिक बर्फावर आपटली नाही. तो वळला, दोन-तीन आखूड पावलं टाकून त्याने वेग पकडला आणि मैदानाच्या मधोमध सरळ आपल्या गोलकडे सुटला. बर्फाचं हे मैदान साठ मीटर लांब आहे आणि त्याला जवळजवळ सगळं कापायचंय. समोरचा खेळाडू फटका मारायला स्टिक उचलतो, तेवढ्यात मागून आलेली याची स्टिक त्या स्टिकखाली जाते, तिला अलगद वर ढकलते. पक बाजूच्या कठड्यावर आदळून निघून जातो.

गोल झाला नाही. धावफलकावर काही बदललं नाही. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत या धावेची ओळसुद्धा येणार नाही. पण विद्यार्थ्यांच्या विभागात टाळ्या पडतात, आणि त्या याच मुलासाठी असतात.

मी मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या आइस हॉकी संघाचा चाहता आहे. हा संघ सुधारला कसा, असं कुणी विचारलं तर मी त्याला गोल दाखवत नाही. ही परतीची धाव दाखवतो.

(दृश्य: हिवाळ्यातलं ईस्ट लॅन्सिंग. बर्फाने झाकलेली झाडं, लाल विटांच्या इमारती, रस्त्याकडेला सारलेले बर्फाचे ढीग.)

मिशिगन राज्यात मोटारींच्या उद्योगामुळे मराठी माणसं बरीच आहेत. नोकरीसाठी येतात, पहिला हिवाळा सोसतात, आणि मग शेजारीपाजारी, ऑफिसात, मुलांच्या शाळेत एकच विषय कानावर पडायला लागतो. हॉकी. आपल्या डोळ्यांसमोर हॉकी म्हटलं की ध्यानचंद आणि हिरवं मैदान येतं. ही हॉकी बर्फावरची. पायात स्केट्स, सहा विरुद्ध सहा, त्यातला एक गोलरक्षक, आणि चेंडूऐवजी कडक रबराची काळी चकती, जिला पक म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. खेळ इतका दमवणारा की एक फळी, म्हणजे खेळाडूंचा एक गट, पाऊण मिनिटभर खेळते आणि खेळ चालू असतानाच बाकावरची दुसरी फळी कठड्यावरून उडी मारून आत येते.

आणि इथे कॉलेजची हॉकी म्हणजे हौशी मुलांचा खेळ समजू नका. या मुलांपैकी कित्येकांची नावं एनएचएल या व्यावसायिक लीगच्या संघांनी आधीच राखून ठेवलेली असतात. तरी ती वर्गात बसतात, परीक्षा देतात आणि शुक्रवार-शनिवार संध्याकाळी आपल्या विद्यापीठाच्या रंगात उतरतात. बघणाऱ्यांत शेतकरी असतात, मोटार कारखान्यातले कामगार असतात, चाळीस वर्षांपूर्वी इथून पदवी घेतलेली आजी-आजोबा माणसं असतात. मन अरिनात जेमतेम सहा हजारांची सोय आहे. १९७४ साली उघडलेली ही वास्तू. छप्पर खालचं, बाकं बर्फाला भिडलेली, त्यामुळे आवाज बाहेर जात नाही, आतच घुमत राहतो.

(दृश्य: छताला टांगलेले विजेतेपदांचे ध्वज. कॅमेरा सावकाश एकेका वर्षावर.)

१९६६. १९८६. २००७. तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं.

यातलं मधलं रॉन मेसन यांच्या काळातलं. १९७९ ते २००२, तेवीस मोसम ते इथे प्रशिक्षक होते. कॉलेज हॉकीत त्यांच्या नावावर एकूण ९२४ विजय आहेत. त्यांच्याच अखेरच्या मोसमात, ६ ऑक्टोबर २००१ रोजी, विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये उघड्या आभाळाखाली बर्फ गोठवला गेला. समोर मिशिगन विद्यापीठ, ॲन आर्बरचं, तासाभराच्या अंतरावरचं, पिढ्यानुपिढ्यांचं वैरी. ७४,५४४ माणसं ती लढत बघायला आली होती. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. आज एनएचएलपासून सगळेच उघड्यावर सामने भरवतात. त्या वेळी हॉकीच्या सामन्याला एवढी गर्दी जगात कुठेच झालेली नव्हती.

२००७ चं अजिंक्यपद तर अनेकांना सेकंदांसह पाठ आहे. सेंट लुईस शहर, अंतिम सामना, समोर बॉस्टन कॉलेज, १-१ अशी बरोबरी. तिसऱ्या भागाचे १८.९ सेकंद उरलेले असताना जस्टिन अब्देलकादेरने गोल केला. मग गोलरक्षक बाहेर काढलेल्या रिकाम्या गोलात आणखी एक गेला आणि ३-१ असा निकाल लागला.

त्यानंतर उतार सुरू झाला.

उताराबद्दल फार बोलत नाही, कारण त्यात शिकण्यासारखं थोडं आणि दुखण्यासारखं जास्त आहे. २०१२ नंतर बराच काळ संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोचलाच नाही. २०१६-१७ च्या मोसमात ७ विजय आणि २४ पराभव. २०२१-२२ मध्ये १२ विजय, २३ पराभव, एक बरोबरी. मुलं झटत नव्हती असं मी म्हणणार नाही, मी त्यांना पाहिलंय. पण दुसरा गोल बसला की संघ सुटा व्हायचा. जो तो एकट्याने भरपाई करायला धावायचा. पुढचे तिघे पुढे, मागचे दोघे मागे, आणि मधे एवढी मोठी मोकळी जागा की प्रतिस्पर्ध्याने तिथून आरामात यावं. बाकं ओस पडायला लागली. ज्यांच्या घरात मोसमाची तिकिटं वर्षानुवर्षं चालत आली होती, त्यांनी ती घेणं सोडलं.

(दृश्य: अंधारी खोली, पडद्यावर सामन्याचं चित्रण. चित्र थांबतं, मागे जातं, पुन्हा चालू होतं.)

मे २०२२ मध्ये ॲडम नाइटिंगेल मुख्य प्रशिक्षक झाले. मिशिगनचेच, आणि खेळाडू म्हणून याच संघातून गेलेले. मधल्या काळात त्यांनी एनएचएलमध्ये बफेलो आणि डेट्रॉइटच्या संघांसोबत काम केलं, आणि त्या कामाचा मोठा भाग होता व्हिडिओ बघण्याचा. व्हिडिओ कोचला गोल कुणी केला यात फारसा रस नसतो. गोल होण्याआधी दहा सेकंद कोण कुठे उभं होतं, कोण परतायला अर्धं पाऊल उशिरा निघालं, हे तो शोधत असतो. पुढे ते अमेरिकेच्या सोळा-सतरा वर्षांच्या निवडक मुलांच्या राष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रमात मुख्य प्रशिक्षक होते. म्हणजे देशातली सगळ्यात गुणी पोरं त्यांनी जवळून हाताळलेली. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे दोन्ही उपयोगी पडल्या.

पहिल्या वर्षी त्यांच्या हाताशी मोठी नावं नव्हती. होता तो एक अनुभवी गोलरक्षक, डिलन सेंट सिर. शेवटचं वर्ष खेळायला आलेला. त्याच्या आईचं नाव मॅनन रेओम. १९९२ मध्ये टॅम्पा बे संघाच्या सराव सामन्यात एनएचएलच्या बर्फावर उतरलेली पहिली स्त्री, आणि तीही गोलरक्षकच. उंचीने लहान, पण चपळ, आणि पकवरची नजर क्षणभरही न हटणारा हा मुलगा त्या वर्षी संघाला सावरून धरत होता. मोसम संपला तेव्हा १८ विजय, १८ पराभव, २ बरोबरी. बाहेरच्यांना हा आकडा बेताचाच वाटला. आम्हाला मात्र वेगळं काही दिसत होतं. संघ हरायचा, पण सुटा होत नव्हता. तिसऱ्या भागात मागे असतानाही पाचही जण एकमेकांच्या आवाक्यात असायचे.

माझ्यासारखा कबड्डी बघत वाढलेला माणूस हे चटकन ओळखतो. बचावात एकाने साखळी सोडून चढाई करणाऱ्यावर झेप घेतली की बाकीच्यांचा हिशेब चुकतो. पाचही जण एका लयीत सरकले की त्याला वाट मिळत नाही. मन अरिनात त्या हिवाळ्यात मला ती लय पहिल्यांदा दिसली.

(दृश्य: गजबजलेली बाकं, हिरवे-पांढरे रुमाल, बँडचा आवाज.)

दुसरं वर्ष, २०२३-२४. आता मुलं यायला लागली. बेलारूसहून आर्त्योम लेव्हशुनोव आला. अठरा वर्षांचा बचावपटू, पण पक घेऊन असा पुढे सरसावायचा की त्याला बचावपटू म्हणायला जीभ अडखळावी. एका मोसमात त्याने ३५ गुण (गोल आणि साहाय्य मिळून) केले आणि २०२४ च्या एनएचएल निवडीत शिकागोने त्याला सगळ्या जगातून दुसऱ्या क्रमांकावर उचललं. आयझॅक हॉवर्ड मिनेसोटा-डुलूथहून आला. नाइटिंगेल यांच्या हाताखाली तो राष्ट्रीय कार्यक्रमात खेळलेला होता, स्वभाव ओळखीचा होता. आणि गोलमध्ये आला ट्रे ऑगस्टीन, साउथ लायनचा, म्हणजे आमच्याच राज्यातला.

त्या वर्षी संघ गोल करून जिंकायचा. सामन्यामागे चारच्या आसपास गोल मारायचा आणि तीनच्या आसपास खायचा. बघायला बहार यायची, पण जीव टांगणीला लागायचा. बिग टेन ही परिषद, म्हणजे आपसांत साखळी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट; हॉकीत त्यातली सात विद्यापीठं. २०१३ मध्ये तिची हॉकी सुरू झाल्यापासून मिशिगन स्टेटने काहीच जिंकलं नव्हतं. त्या वर्षी आधी साखळीत पहिला क्रमांक आला आणि मग परिषदेचा अंतिम सामना घरच्या बर्फावर, मिशिगनविरुद्ध. ५-४, जादा वेळेत. त्या रात्री मन अरिनातून लोक लवकर निघालेच नाहीत. पार्किंगमध्ये अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती.

बारा वर्षांनी राष्ट्रीय स्पर्धा आली. पहिला सामना वेस्टर्न मिशिगनशी, पुन्हा ५-४, पुन्हा जादा वेळ, विजय. दुसरा मिशिगनशी, २-५, पराभव. मोसमाचा हिशेब २५ विजय, १० पराभव, ३ बरोबरी.

या पराभवावर पुष्कळ चर्चा झाली. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: तो संघ चांगला होता, पण त्याचा बचाव कच्चा होता. जादा गोल मारून कच्चा बचाव फार दिवस झाकता येत नाही. मार्चमध्ये, एका हारीत घरी पाठवणाऱ्या स्पर्धेत, तर नाहीच.

(दृश्य: गोलरक्षकाचं क्लोजअप. जाळीमागचे डोळे.)

म्हणून तिसरं वर्ष, २०२४-२५, मला सगळ्यात प्रिय आहे. लेव्हशुनोव व्यावसायिक हॉकीकडे गेला होता. सगळ्यांना वाटलं, संघ एक पायरी खाली येईल. तो एक पायरी वर गेला.

ऑगस्टीनकडे बघा. पहिल्या वर्षी तो पकच्या मागे थोडा जास्त सरकायचा. दुसऱ्या वर्षी त्याचे पाय शांत झाले. पक डाव्या कोपऱ्यातून उजवीकडे जातो तेव्हा तो आधी मान वळवतो, मग एकच ढकल देऊन नेमक्या जागी येऊन थांबतो. फटका येतो तेव्हा तो हलत नसतो. पक छातीवर बसतो आणि हातमोज्याखाली दडपला जातो. पुन्हा टप्पा पडत नाही, दुसऱ्या फटक्याची संधी राहत नाही. प्रेक्षकांना वाटतं, सोपा होता. तो सोपा नसतो. आधीच योग्य जागी पोचल्यामुळे तो सोपा दिसतो. त्याचा त्या मोसमातला हिशेब सामन्यामागे दोनच्या थोडा वर गोलांचा होता.

पण एकट्या गोलरक्षकाने एवढं होत नाही. त्याच्यापर्यंत जे फटके यायचे ते बहुतेक बाजूने, लांबून, अवघड कोनातून यायचे. समोरची मोक्याची जागा बंद असायची, आणि ती बंद ठेवायला आघाडीची पोरं परत येत होती. तुम्ही सुरुवातीला पाहिलेली धाव ती हीच. एक जण करतो तेव्हा ती मेहनत दिसते. चारही फळ्या, साठ मिनिटं, ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत करतात तेव्हा तो संघाचा स्वभाव झालेला असतो.

(दृश्य: उंच, धिप्पाड खेळाडू कोपऱ्यात कठड्याला रेटून पक सोडवतोय.)

चार्ली स्ट्रॅमलचं सांगतो. २०२३ मध्ये मिनेसोटा वाइल्डने त्याला पहिल्याच फेरीत निवडलं होतं. पण विस्कॉन्सिनमध्ये दुसऱ्या वर्षी त्याचे जेमतेम ८ गुण झाले. एवढ्या मोठ्या अपेक्षा आणि एवढासा आकडा, लोकांनी त्याला मोडीत काढायला घेतलं होतं. तोही नाइटिंगेल यांच्या जुन्या मुलांपैकी. इथे आला आणि पहिल्या मोसमात २७ गुण केले. मला त्याच्या गुणांपेक्षा त्याची पाठ आठवते. कोपऱ्यात पक पायाशी धरून, मागून दोघे रेटत असताना, तो पाठ रुंद करून उभा राहायचा आणि सोबत्याला मोकळं व्हायला एक सेकंद मिळवून द्यायचा. असा सेकंद मिळाला की हॉवर्ड काय करायचा ते सगळ्या देशाने पाहिलं. ३७ सामने, २६ गोल, २६ साहाय्य. कॉलेज हॉकीतला सर्वोच्च वैयक्तिक सन्मान, होबी बेकर पुरस्कार, त्याला मिळाला. मिशिगन स्टेटचा हा तिसरा: १९९० मध्ये किप मिलर, २००१ मध्ये त्याचाच चुलतभाऊ रायन मिलर, आणि आता हॉवर्ड.

त्या वर्षी बिग टेनची साखळी मिनेसोटासोबत विभागून जिंकली. परिषदेच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटला ४-३ असं हरवलं, दुसऱ्या जादा डावात. २६ विजय, आणि पराभव अवघे ७.

(दृश्य: टोलीडो शहर, सामन्यानंतरचा रिकामा होत जाणारा अरिना.)

त्यातला सातवा पराभव सांगायलाच हवा. २७ मार्च २०२५, ओहायोमधलं टोलीडो, राष्ट्रीय स्पर्धेची पहिली फेरी, समोर कॉर्नेल. त्या गटात मिशिगन स्टेटला अव्वल मानांकन होतं, कॉर्नेलला चौथं. ३-३ अशी बरोबरी. घड्याळात १०.३ सेकंद उरले असताना कॉर्नेलने गोल केला.

अठरा वर्षांपूर्वी १८.९ सेकंद उरले असताना आम्ही दुसऱ्या कुणाचं वर्ष संपवलं होतं. या वेळी ते आमच्या वाट्याला आलं. टोलीडो ईस्ट लॅन्सिंगपासून गाडीने दोन तासांच्या आत, त्यामुळे बाकं हिरवीगार होती, आणि ती सगळी माणसं तशीच बसून राहिली. खेळाडू हस्तांदोलनाच्या रांगेत उभे राहिले. कॉर्नेलचे प्रशिक्षक माइक शेफर यांचा तो निवृत्तीपूर्वीचा शेवटचा मोसम होता, त्यांच्या मुलांनी त्यांच्यासाठी जीव तोडून खेळ केला होता. त्यांच्या विजयात खोट काढावी असं त्या रात्रीही मला वाटलं नाही.

आणि त्याच वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपद कुणी जिंकलं? वेस्टर्न मिशिगनने. सेंट लुईसमध्ये, बॉस्टन विद्यापीठाला ६-२ असं हरवून, त्यांच्या इतिहासातलं पहिलंच. आदल्या वर्षी जादा वेळेत आमच्याकडून एका गोलाने हरलेला हा संघ. त्यांचं कलामझू गाव इथून काही फार लांब नाही. त्यांचा आनंद आम्ही जवळून पाहिला, आणि खरं सांगायचं तर तो पाहताना पोटात तुटत होतं. पण त्यांनी जे केलं त्यावरून इतकं कळलं की अजिंक्यपद मिशिगन राज्यातल्या छोट्या अरिनातूनही मिळतं, त्याला मोठं शहर लागत नाही.

(दृश्य: उन्हाळा. रिकामा बर्फ, दिवे अर्धे मालवलेले. मग शरद ऋतू, झाडांची पानं लाल-पिवळी.)

कॉलेजच्या संघाचं असं असतं की दर वर्षी तो निम्मा नवा होतो. हॉवर्ड व्यावसायिक हॉकीकडे गेला. त्याचे हक्क टॅम्पा बेकडून एडमंटनकडे गेले आणि त्याने करार केला. खुल्या बदलीच्या सोयीमुळे मुलं एका विद्यापीठातून दुसरीकडे सहज जातात, आमच्याकडेही तशीच आली. त्यात २०२५ पासून नवा नियम लागू झाला. कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमधली मुलं, ज्यांना आजवर अमेरिकन कॉलेजची दारं बंद होती, ती आता इथे खेळू शकतात. त्याच वाटेने पोर्टर मार्टोन आला. २०२५ च्या एनएचएल निवडीतला सहावा खेळाडू, फिलाडेल्फियाने घेतलेला. कुठलंही विद्यापीठ त्याच्यासाठी जागा करायला तयार असणार. त्याने ईस्ट लॅन्सिंग निवडलं. २०२२ साली, १२ विजय आणि २३ पराभवांच्या त्या वर्षात, असा मुलगा इथे येईल असं म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

मला मात्र त्याहून जास्त आनंद दुसऱ्या बातमीचा झाला. ऑगस्टीन थांबला. जागतिक ज्युनियर स्पर्धेत अमेरिकेसाठी लागोपाठ दोन सुवर्णपदकं जिंकलेला, डेट्रॉइट रेड विंग्जने निवडलेला मुलगा. व्यावसायिक करार त्याला अवघड नव्हता. तो तिसऱ्या वर्षासाठी परत आला. स्ट्रॅमलही परत आला. मोठी नावं बाहेरून येतात तेव्हा संघाची ताकद वाढते. जुनी मुलं राहतात तेव्हा आलेल्या नव्यांना इथे कसं खेळायचं ते सरावातच कळतं, कुणी भाषण द्यावं लागत नाही.

२००७ नंतर २०२५ पर्यंत मिशिगन स्टेट एकदाही राष्ट्रीय उपांत्य फेरीत, फ्रोझन फोरमध्ये, पोचलं नव्हतं. २०२६ च्या त्या फेरीसाठी लास वेगास ठरलं. नाइटिंगेल यांच्या संघाने ती गाठावी असं मला मनापासून वाटत होतं. ऑगस्टीनसाठी वाटत होतं, स्ट्रॅमलसाठी वाटत होतं, आणि त्या रिकाम्या बाकांच्या वर्षांतही मोसमाची तिकिटं न सोडलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी सगळ्यात जास्त वाटत होतं.